राखी बांधलेले कंडेन्सर

मन्मथमामांचा डावा हात कुणी पाहिला आहे का, अशी आमच्या शाळेत एक जुनी थट्टा होती. तो हात कायम पँटच्या खिशात असायचा. प्रार्थनेला खिशात, झेंडावंदनाला खिशात, हेडसरांनी केबिनमध्ये बोलावलं तरी खिशातच. मी नवीन असताना मला त्याचा रागच यायचा. प्रयोगशाळेचा परिचर माणूस, आणि मुख्याध्यापकांपुढे खिशात हात घालून उभा राहतो म्हणजे काय! मी अंबाजोगाईच्या शिस्तीच्या घरातली. आमच्याकडे मोठ्यांपुढे खुर्चीवर मागं टेकून बसलं तरी आईचे डोळे मोठे व्हायचे.

एकदा न राहवून मी त्यांना विचारलंच, "मामा, हात दुखतो का तुमचा?"

"न्हाई बाई. सवय हाय," ते म्हणाले. "करंटच्या कामाला नेहमी एकच हात वापरायचा. दोन्ही हात लावले की करंट ह्या हातानं येतो, काळजातून जातो अन् त्या हातानं भाईर पडतो. एक हात खिशात असला म्हंजी त्याला वाटच ऱ्हात न्हाई."

"पण आत्ता तर तुम्ही चहा पिताय."

"मन ऐकतंय, हात ऐकत न्हाई," असं म्हणून ते उजव्या हातातला कप संपवून निघून गेले.

आमच्या शाळेचं गाव नांदूरघाटच्या अलीकडे, फाट्यापासून आत. मामांचं घर दिंद्रुडकडचं, लिंगायत, पिढीजात किराणा दुकानाचं. थोरले भाऊ गादीवर बसले आणि मन्मथ नावाचा हा धाकटा दुकानातला रेडिओ उघडून बसला. गिऱ्हाईक साखर मागत उभं आणि हे रेडिओच्या पोटात तोंड घालून. शेवटी वडिलांनीच कंटाळून त्यांना शाळेत चिकटवलं. "ज्याला वजनकाटा उघडून बघावा वाटतो, त्यानं दुकानात बसू नये," असं वडील म्हणाल्याचं मामा मोठ्या अभिमानानं सांगायचे.

त्यांचा जीव होता कंडेन्सरवर. पंख्याचा बोटाएवढा असतो तो नव्हे, मोठा. पाण्याच्या तांब्याएवढा, काही तर त्याहूनही उंच. ॲल्युमिनिअमचा गोल डबा, वर निळं नाहीतर काळं आवरण आणि डोक्यावर दोन स्क्रू. हा डबा वीज पोटात साठवून ठेवतो. लाईट गेली, वायर काढली, मशिन भंगारात गेलं, तरी ह्याच्या पोटातली वीज तशीच बसून असते. आज मी मराठीची बाई असून हे तुम्हाला सांगू शकते. तेव्हा मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

महिन्यातल्या एका रविवारी मामा कापडी पिशवी घेऊन एसटीनं अंबाजोगाईला जायचे. मोठमोठ्या इमारतींतले मोडीत निघालेले यूपीएस आणि इन्व्हर्टर तिथल्या भंगारवाल्याकडे येत. एका रविवारी मी माहेरी गेले असताना त्यांना तिथं पाहिलं. बाजारात वांगी निवडतात तसे ते कंडेन्सर निवडत होते. डोक्यावरून अंगठा फिरवायचा, फुगीर लागलं की बाजूला. "ह्याचं पोट फुगलंय, ह्यो न्हाई टिकायचा." मग वास घ्यायचा. मग कानाशी नेऊन हलवायचं. भंगारवाल्याची बायको त्यांना स्टूल देऊन चहा पाजत होती. तिच्या गाळणीची जाळी मामांनी बसवून दिली होती. आणि एवढ्या सगळ्या कामाला त्यांचा एकच हात होता.

घरी मात्र ह्या छंदाचं कौतुक बेताचंच. त्यांच्या पत्नी महानंदाकाकू एक गोष्ट दर संक्रांतीला हळदीकुंकवाला सांगायच्या आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या चिडायच्या. दिंद्रुडला मामांच्या सख्ख्या भाचीचं लग्न. अक्षता वाटून झाल्या, नवरा-नवरी उभे, आणि लाऊडस्पीकरमधून नुसती घुंई घुंई. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या स्वामींचा शब्द ऐकू येईना. मुलीचा मामा कुठंय म्हणून शोधाशोध झाली, तर मामा स्टेजखाली मांडववाल्याच्या ॲम्प्लिफायरपाशी पालथे. पाच मिनिटांत घुंई थांबली, स्वामींचा आवाज खणखणीत आला, लग्न लागलं. काकू म्हणायच्या, "भाचीवर अक्षता टाकायला ह्यांना हात न्हवता मोकळा. एक खिशात, दुसऱ्यात मेलेला कंडेन्सर. लोकांनी आहेर केले, अन् आमी घरी ती डबडी आनली!"

"त्यो अर्धा चांगला होता," मामा हळूच पुस्ती जोडायचे.

असल्याच डबड्यांतून त्यांनी एक यंत्र केलं होतं. दहाबारा कंडेन्सर एका फळीवर ओळीनं बसवलेले, दोन जाड तारा, तारांच्या टोकाला तांब्याच्या दोन सुया, आणि पायाशी शिलाई मशिनच्या पेडलपासून केलेलं बटण. डबे हळूहळू वीज पिऊन घेत आणि पाय दाबला की सगळी एका क्षणात सोडून देत. सुयांखाली ठेवलेले पत्र्याचे दोन तुकडे एकमेकांना कायमचे चिकटत. आवाज व्हायचा फक्त 'टक्'. म्हणून त्याचं नाव टक्क्या. मोठं वेल्डिंग जिथं वस्तूच जाळून टाकेल, तिथं टक्क्या चालायचा. चष्म्याच्या काड्या, चहाच्या गाळण्या, डब्याच्या कड्या, छत्रीच्या काड्या. पंचक्रोशीत असं घर नसेल ज्यात टक्क्यानं चिकटवलेली एक तरी वस्तू नाही. माझी गाळणी मीही शिक्षकखोलीतच त्यांच्या हाती दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती जागच्या जागी परत आली होती.

एकदा मेंढ्या घेऊन आलेला एक म्हातारा चष्म्याची मोडकी काडी दोऱ्यानं बांधून शाळेच्या फाटकात उभा राहिला. मेंढ्या रस्ता अडवून, सहावीचा वर्ग खिडकीत, आणि म्हातारा आत यायला तयार नाही.

"शॉक तर न्हाई ना लागायचा, मामा?"

"लागंल की. पर तुला न्हाई, चष्म्याला. दे हिकडं."

'टक्' झालं. म्हाताऱ्यानं चष्मा घातला, मामांकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाला, "आरं, तू तर माज्यावानीच म्हातारा झाला की!" मामा ते वाक्य पुढं आठवडाभर सगळ्यांना सांगत हिंडत होते.

पण ह्या माणसाची खरी ख्याती यंत्राची नव्हती, काळजीची होती. प्रत्येक कंडेन्सर वापरून झाला की तो रिकामा करायची त्यांची एक रीत होती. आधी गळ्यातला लिंगाचा चांदीचा करंडा रुमालात गुंडाळून पाठीवर टाकायचा, तो लोंबून स्क्रूंना लागू नये म्हणून. मग लाकडी मुठीला बसवलेले दोन खिळे स्क्रूंवर टेकवायचे. खिळ्यांना एकामागं एक असे दोन बल्ब जोडलेले. बल्ब भक्कन पेटत आणि हळूहळू विझून जात. ह्याला ते 'रडवणं' म्हणत. मग चहा पिण्याइतका वेळ थांबून पुन्हा एकदा रडवायचं. दुसऱ्या खेपेला मोटारसायकलच्या इंडिकेटरचा लहान बल्ब, कारण आता फार काही उरलेलं नसे. तरी तो लाल लुकलुकायचाच.

"माणसागतच हाय," ते मुलांना सांगायचे. "एकदा रडून मोकळं होत न्हाई. जरा येळानं पुन्यांदा भरून येतं. म्हनून दोनदा." आणि उजव्या हाताची दोन बोटं वर करायचे.

दोनदा रडवूनही कणभर उरतंच आणि ते तासा-दोन तासांत परत जमतं. म्हणून शेवटी तांब्याच्या तारेचा तुकडा दोन्ही स्क्रूंना पीळ देऊन बांधून टाकायचा. मग जे काही परत येईल ते तारेतून आपोआप निघून जातं. ह्या तारेला ते राखी म्हणत. फडताळावर चौदा मोठे कंडेन्सर होते आणि चौदांच्या डोक्यावर चौदा राख्या. शाळेतला पाचवीचा पोरगासुद्धा सांगायचा की मामांच्या डब्याला राखी दिसली तरच जवळ जायचं. इतक्या वर्षांत मामा राखी बांधायला एकदाही विसरले नव्हते, आणि त्यांची सगळी इज्जत त्या चौदा तारांत होती.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिली जवळजवळ तीन वर्षं मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं. माझा खडू-फळ्याचा संसार इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. मी शिक्षणसेवक होते, म्हणजे तीन वर्षं कच्ची नोकरी आणि चौथ्या वर्षी पक्की. तिसरं वर्ष संपायला चार महिने होते, आणि शाळेची तपासणी लागली.

हेडसर आमचे हाडाचे सज्जन, पण तपासणी म्हटली की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी खोल्या वाटून दिल्या. विज्ञानाचे सर प्रशिक्षणाला गेलेले, म्हणून प्रयोगशाळेची झाडझूड माझ्या वाट्याला आली. "बाई, तुमचा हात स्वच्छ," हेडसर म्हणाले, आणि मी फुशारले.

साडेदहाला मी ओलं फडकं घेऊन आत गेले. मामा फाटकाशी तोरण बांधत होते. तपासणीच्या साहेबांना दाखवायला त्यांनी सकाळीच सगळ्यात मोठ्या निळ्या कंडेन्सरची रंगीत तालीम करून ठेवली होती. तो भरला, बल्ब पेटवून दाखवला, दोनदा रडवला, राखी बांधली आणि जागेवर ठेवला. मला ह्यातलं काहीच माहीत नाही. मला दिसले ते धुळीनं माखलेले चौदा डबे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काळपट तारेचं एक भेंडोळं. शी! साहेब काय म्हणतील? मी एकूण एक तारा सोडल्या. डबे पुसले, लखलखीत केले, उंचीप्रमाणे ओळीनं लावले. तारा फेकाव्याशा वाटेनात, म्हणून एकेक आठाच्या आकड्यासारखी गुंडाळून खडूच्या रिकाम्या डब्यात घातली आणि डबा कपाटात मागं सारला. दारातून एकदा वळून पाहिलं तर फडताळ असं देखणं दिसत होतं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

साहेब दुपारी एकला आले. हसरे, गोल चेहऱ्याचे, बोटात मोटारसायकलच्या किल्ल्यांचा जुडगा फिरवणारे. वर्ग पाहून झाले, पोषण आहार चाखून झाला आणि स्वारी प्रयोगशाळेत शिरली. पुढं साहेब, मागं हेडसर, त्यांच्यामागं आम्ही, आणि सगळ्यांच्या शेवटी मामा.

"वा! हे काय चकाचक मांडलंय?" साहेब फडताळापाशी गेले आणि किल्ल्यांच्या जुडग्यानं निळ्या डब्याच्या डोक्यावर टकटक करायला हात पुढं केला.

मागून मामा ओरडले, "साहेब, हात!"

आणि शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा मामांचा डावा हात खिशातून बाहेर आला. गर्दीतून घुसून त्यांनी साहेबांचं कोपर धरलंसुद्धा. पण किल्ल्या दोन्ही स्क्रूंवर टेकल्या होत्या. फट्ट! ठिणगी उडाली, जुडगा खाली, साहेब दोन पावलं मागं, आणि त्यांचा चष्मा फरशीवर. साहेबांना काही झालं नाही. चष्म्याची मात्र एक काडी निखळली.

 हेडसरांनी फडताळाकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मामा, राख्या कुठंयत?"

राख्या! त्या शब्दाबरोबर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी फडकं हातात धरून उभी होते.  मामांनी ओळीनं लावलेले डबे पाहिले. मग कपाटाकडं पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "इसरलो, सर."

"चौदाच्या चौदा?"

"व्हय सर. इसरलो."

साहेब दिलदार निघाले. चष्म्याशिवाय त्यांना पुढच्या शाळेचा रस्ता दिसला नसता. मामांनी तिथल्या तिथं टक्क्या काढला आणि 'टक्' करून काडी जोडून दिली. साहेब चष्मा घालून, हलवून, पुन्हा घालून खूश झाले आणि हसतच गेले. पण त्यांची गाडी फाट्याकडं वळली आणि हेडसर मामांकडं वळले.

"मामा, आज साहेबांच्या हातात किल्ली होती. उद्या एखाद्या लेकराच्या हातात स्टीलची पट्टी असंल. जो माणूस विसरतो, त्याच्या भरवशावर हे सामान मला शाळेत ठेवता येणार नाही. शनिवारपर्यंत सगळं भंगारात. टक्क्यासकट."

त्यांचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. मामा फक्त "बरं सर" म्हणाले. डावा हात पुन्हा खिशात गेला होता.

त्या आठवड्यात मी दोनदा हेडसरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा परत फिरले. चार महिन्यांवर नोकरी पक्की व्हायची होती, आणि एका वाक्यानं ती जाईल अशी भीती मनात बसली होती. मी भ्याले. दुसरा शब्द नाही. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मन घट्ट करून निदान मामांना तरी सांगावं म्हणून प्रयोगशाळेत गेले. ते गोणपाटाच्या पोत्यात डबे भरत होते. प्रत्येकाला नवीन राखी बांधलेली.

"मामा, त्या दिवशी ते..."

"बाई, आधी च्या घ्या," ते म्हणाले. चहा आला. चहा संपेपर्यंत ते मला अधिक महिन्यात आपल्या लेकीला काय न्यायचं ते विचारत राहिले. मग घंटा झाली. सांगायचं राहून गेलं.

शनिवारची शाळा सकाळची. मी फाटकाशी आले तर बाहेर ही रांग! टक्क्या भंगारात निघाला ही बातमी गावात फिरली होती, आणि तो जायच्या आत आपली वस्तू चिकटवून घ्यावी म्हणून अख्खं गाव लोटलं होतं. कुणाच्या हातात गाळणी, कुणाकडं डब्याची कडी, कुणी घरातले तुटके चष्मे परडीत गोळा करून आणलेले. मेंढ्यांवाला म्हातारासुद्धा होता. त्याचा चष्मा धड होता, पण दुसरी काडी पुढंमागं तुटली तर काय, असं त्याचं म्हणणं. हेडसर गाडीवरून उतरले आणि रांग पाहून थबकले. रांगेत तिसऱ्या नंबरला त्यांची आई उभी होती, हातात गाळणी घेऊन.

"आई, तू इथं?"

"मग कुटं जाऊ? जाळी निघालीय. तुला रोज पत्तीचा चहा चालतोय का?"

"अगं, पण मी शाळेचा हेडमास्तर आहे. मी सांगितलंय की..."

"शाळेचा हेडमास्तर हायेस ना? गाळणीचा न्हाईस. सरक बाजूला."

रांग इतकी हसली की वर्गातली मुलं बाहेर आली. हेडसरही शेवटी हसले. त्यांनी मामांना आत बोलावून तोडगा काढला. टक्क्या राहील, डबेही राहतील. पण लोखंडी कपाटात, कुलपात, आणि किल्ली हेडसरांपाशी. शिवाय रोज शाळा सुटताना हेडसर स्वतः राख्या मोजणार. मामा कबूल झाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते दृश्य दिसायचं. कपाट उघडं, हेडसर बोट दाखवत मोजतायत, "...बारा, तेरा, चौदा. बांधल्या ना मामा?"

"बांधल्या सर."

शिक्षकखोलीतही ती थट्टा रुळली. कुणी डबा घरी विसरला की "मामांसारखं झालं." कुणाची छत्री राहिली की "मामांची राखी." मामा सगळ्यांबरोबर हसायचे. मला हसू यायचं नाही. जो माणूस जन्मात कधी विसरला नाही, त्याच्या नावावर विसरणं लागलं होतं, ते माझ्यामुळं. माझी नोकरी पक्की झाली. लेकरं झाली, लेकरं शाळेत जायला लागली, आणि ह्या माणसाच्या राख्या रोज मोजल्या जात होत्या. अकरा वर्षं.

मामांच्या निवृत्तीचं मानपत्र अर्थातच मराठीच्या बाईनं लिहायचं होतं. मी लिहिलंही. 'कर्तव्यतत्पर', 'सेवाभावी', सगळे शब्द जागच्या जागी. मंडपात गाव जमलं. मामा नव्या धोतर-टोपीत, धोतराला खिसा नाही म्हणून अंगातल्या कोटाच्या खिशात डावा हात. काकू शेजारी. आधी हेडसर बोलले. तेही पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. "इतक्या वर्षांच्या सेवेत मामा फक्त एकदा विसरले," ते म्हणाले, आणि मंडप खळखळून हसला.

मग माझं नाव पुकारलं. मी मानपत्र उघडलं, पहिली ओळ वाचली आणि पुढची वाचताच येईना. मी कागद मिटला.

"मामा कधीच विसरले नाहीत," मी म्हणाले. "त्या दिवशी राख्या मी सोडल्या होत्या. मला ती घाण वाटली. मी पुसलं, आणि मी गप्प बसले. अकरा वर्षं गप्प बसले. सर, तुम्ही रोज मामांच्या राख्या मोजायचात, मोजायला हवी होती ती माझी चूक."  मी तिथंच माईकपाशी रडले. शाळेच्या पोरांपुढं, गावापुढं.

 हेडसर मामांकडं बघत राहिले. मामा उठले, माईकपाशी आले, आणि माईक आधी एका बोटानं तपासून मग बोलले.

"सर, मी तवा खोटं न्हाई बोललो. मी इसरलोच होतो. शाळंतल्या दर पोराला सांगितलं, तुमाला सांगितलं, तुमच्या आईला सांगितलं, की ही तार का म्हून बांधायची. ह्या बाईंना सांगायचं इसरलो. म्हनलं, मराठीच्या बाई हायेत, त्यांना काय करायचं ह्याचं. तीन वर्सं एका छताखाली ऱ्हाऊन एका माणसाला सांगितलं न्हाई. मग चूक कुनाची?"

"पण तुम्हाला माहीत होतं?" हेडसरांनी विचारलं.

"त्याच दिवशी. कपाटात खडूचा डबा घावला. चौदा तारा, सगळ्या आठाच्या आकड्यावानी गुंडाळलेल्या. आपल्या शाळंत येवढं नीट कोन करतंय?"

आधी काकू हसल्या, मग सगळा मंडप. हेडसर कपाळाला हात लावून म्हणाले, "मग अकरा वर्षं मी कशाला मोजत होतो, मामा?"

"चांगलं झालं की. तुमाला बी सवय लागली. आता मी गेलो तरी काळजी न्हाई."

जेवणं झाल्यावर मामांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टक्क्या ते बरोबर नेणार होते, दिंद्रुडला भावाच्या दुकानाच्या कोपऱ्यात त्याची जागा ठरली होती. डबे शाळेला ठेवले होते. निळा कंडेन्सर टेबलावर होता, भरलेला. त्यांनी लाकडी मूठ माझ्या हातात दिली. "मंगळसूत्र मागं टाका बाई. डावा हात पाठीमागं. हां." मी खिळे टेकवले. दोन्ही बल्ब भक्कन पेटले आणि सावकाश विझले.

"झालं?" मी विचारलं.

बाहेरून पुतण्यानं जीपचा हॉर्न वाजवला. "काका, चला की लवकर!"  मामांनी खिशातून तांब्याच्या तारेचा एक तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि ते निघाले. त्या तुकड्याला अजून आठाच्या आकड्याचा पीळ होता.

मी व्हरांड्यात आले. टक्क्या मागं फळीवर बांधलेला, काकू मधे, मामा खिडकीशी. जीप फाटकातून वळली आणि खिडकीतून एक हात बाहेर आला. डावा. दोन बोटं वर केलेली. हेडसरांना वाटलं ते जिंकल्याची खूण करतायत, म्हणून त्यांनीही दोन बोटं वर केली.

मी आत गेले. शिक्षकखोलीत एक कप चहा प्यायले, मुद्दाम सावकाश. मग पदर कमरेला खोचला, मंगळसूत्र मागं टाकलं, डावा हात पाठीमागं घेतला आणि इंडिकेटरच्या लहान बल्बाचे खिळे पुन्हा त्या दोन स्क्रूंवर टेकवले. बल्ब लाल लुकलुकला. तो विझेपर्यंत मी थांबले, आणि राखी बांधली.